हरिश्चंद्रगडाची नळीची वाट

हरिश्चंद्रगडावर जाण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. पाचनईहून मुलाबाळांसह निवांत चढता येते, खिरेश्वराहून तोलारखिंडीमार्गे थोडा अधिक घाम गाळावा लागतो. परंतु मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून जी वाट कोकणकड्याच्या अंगाने थेट वर चढते, तिची जात या सर्वांहून निराळी आहे. हजार मीटरांहून अधिक चढ, तोही बहुतांशी धोंड्यांनी भरलेल्या अरुंद घळीतून, आणि मध्ये ठिकठिकाणी हातांचा आधार घेतल्यावाचून पाऊल वर पडू नये असे कातळटप्पे, असे या नळीच्या वाटेचे स्वरूप आहे. चालणे जेथे संपते आणि शास्त्रोक्त प्रस्तरारोहण जेथे सुरू होते, त्या दोहोंच्या मधला हा मुलूख असून, डोंगराची खरी पारख याच मुलखात होते असे माझे मत आहे.

ही वाट अशी का घडली, हे समजण्यासाठी तिच्या दगडाची कुळकथा पाहावी लागते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार निर्माण झाले. हे थर एकजिनसी नाहीत; घट्ट काळ्या बेसॉल्टच्या खालीवर सच्छिद्र, ठिसूळ खडक आढळतो आणि कोठे कोठे दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टाही दिसतो. कठीण थराचा उभा कडा राहतो, मऊ थर झिजून त्याची अरुंद पायरी होते, आणि जेथे खडकाला उभी भेग असते तेथे पावसाचे पाणी नेमके शिरून ती भेग युगानुयुगे रुंदावत नेते व तिची नाळ बनते. त्यामुळे नाळेने चढणाऱ्यास एकसारखा उतार कधीच लाभत नाही: घसारा संपतो तो कातळ उभा राहतो, कातळ ओलांडावा तो पुन्हा पायाखाली घसारा येतो.

बेलपाड्यातून पहाटे निघून ओढ्याच्या कोरड्या पात्राने चालू लागले, की प्रारंभी मोठमोठ्या शिळांवरून उड्या घेत जाणे मनास आल्हाददायक वाटते. नाळ अरुंद होऊ लागली म्हणजे मात्र सोबत्यांशी वागण्याची रीत बदलावी लागते. वरच्याच्या पायाखालून निसटलेला मुठीएवढा दगडही खालच्याच्या डोक्यावर प्राणघातक वेगाने येतो, म्हणून दगड सुटताच “दगड!” अशी आरोळी द्यावयाची, आणि कातळटप्प्यावर एक माणूस चढत असेल तेव्हा बाकीच्यांनी त्याच्या खाली न थांबता बाजूच्या कपारीचा आसरा घ्यावयाचा, हा दंडक आहे.

कातळावर नवखा मनुष्य पहिली चूक करतो ती भयाने दगडास बिलगण्याची. शरीर दगडाला चिकटले की पायावरील भार बाहेरच्या दिशेने ढकलला जातो आणि बूट निसटतो. उलट कंबर किंचित दूर ठेवून सरळ उभे राहिल्यास तोच भार तळव्यावर सरळ खाली उतरतो आणि बोटभर रुंदीची खोबणसुद्धा पुरते. चढावयाचे ते पायांच्या जोरावर; हातांनी केवळ तोल सांभाळावा, कारण हातांवर देह ओढून नेणाऱ्याचे दंड अर्ध्या टप्प्यातच भरून येतात. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी दगडावर स्थिर असावेत व एकच हलवावा. शिवाय प्रत्येक पकड भार टाकण्यापूर्वी तळहाताने ठोकून पाहावी: घट्ट दगडाचा नाद भरीव येतो, सुटलेला दगड पोकळ वाजतो. संशयित दगडावर भार देणे अटळच असेल, तर तो खालच्या दिशेने दाबावा, आपल्याकडे ओढू नये.

वरच्या भागात वाट नाळ सोडून आडवी जाते. येथे कातळ तितकासा अवघड नाही, परंतु एका बाजूस दरी मोकळी असते आणि डोंगरभटके ज्याला दृष्टीभय म्हणतात ते येथे भेटते. पाय टाकण्यास जागा असते, तरी मन ती जागा नाकारते. अशा वेळी नवख्यास खुशाल दोर लावावा. त्यात कमीपणा मानणाऱ्यांचा मला मनस्वी खेद वाटतो. मात्र पूर्वी कोणी बांधून ठेवलेल्या, उन्हाने कुजलेल्या दोरावर भिस्त ठेवू नये. पावसाळ्यात तर ही वाट वर्ज्यच समजावी, कारण तेव्हा नाळ म्हणजे पाण्याचाच मार्ग असतो आणि कातळावर शेवाळ धरलेले असते. हिवाळा हा तिचा काळ. कड्याकपारीत आग्या मोहोळे असतात, यास्तव धूर, आरडाओरडा आणि उग्र सुगंधी द्रव्ये यांना येथे सक्त मनाई असावी. गावातला वाटाड्या घेणे हा केवळ सोयीचा प्रश्न नाही: या वर्षीच्या पावसात कोणती दरड ढासळली आणि कोणती शिळा हलू लागली, याची खबर नकाशाला नसते, ती त्याला असते, आणि त्या ज्ञानाचा योग्य मोबदला त्यास मिळाला पाहिजे.

माथ्यावर येताच कोकणकड्याची अंतर्वक्र भिंत समोर पसरते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1835 साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या हवामानावरील आपल्या निबंधात याच गडावरून पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन केले आहे. कोकणातून धुके वर चढून आले असता व सूर्य पाठीशी असता ते पूर्ण वर्तुळ उमटते, आणि पाहणाऱ्याची छाया त्याच्या मध्यभागी पडते; आपल्याकडे त्यास इंद्रवज्र म्हणतात. तारामती शिखराचा माथा येथून आणखी वर, 1,400 मीटरांहून उंच आहे, आणि गडावरील देवळाच्या बाजूने तेथवर चांगली पायवाट जाते.

परतीसाठी नळीचा मोह टाळावा. उतरताना पाय कोठे पडतो हे नीट दिसत नाही, गुडघे थकलेले असतात, आणि चढताना सोपा वाटलेला टप्पा दगडाकडे तोंड करून चाचपडत उतरावा लागतो. गडावरून दिवस मावळण्यापूर्वी पाचनई गाठणे हेच शहाणपणाचे. मुक्काम करावयाचा असेल, तर सकाळी तोलारखिंडीने खिरेश्वरी उतरावे.