शिमग्याची पालखी आणि रोमचा तिठा



गेल्या महिन्यात कन्येच्या शाळेत 'प्राचीन रोम' असा प्रकल्प होता. शाळेचे प्रकल्प म्हणजे आई-बाबांचे प्रकल्प, हे इथल्या पालकांना वेगळं सांगायला नकोच! तर दुबई मरीनातल्या आमच्या सव्विसाव्या मजल्यावर दोन रात्री रोमन सणांचा अभ्यास झाला. वाचता वाचता आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागलो... अरे, हा तर आपला शिमगा!

रोमन सणांपैकी लुपरकालिया बऱ्याच जणांना माहीत असतो. १५ फेब्रुवारीला तरुण मंडळी बकऱ्याच्या कातड्याच्या वाद्या घेऊन धावायची आणि वाटेतल्या बायकांना त्यांनी मारायची. त्याने मूल होतं अशी समजूत. इ.स.पू. ४४ मध्ये याच दिवशी अँटनीने सीझरला मुकुट देऊ केला होता. (व्हॅलेंटाइन डे यातूनच निघाला असं इंटरनेटवर सर्रास लिहिलेलं असतं, पण त्याला भक्कम पुरावा नाही.) आम्हाला मात्र भावला तो दुसराच एक सण, कॉम्पिटालिया.

'कॉम्पिटम' म्हणजे रस्ते एकत्र येतात ती जागा. आपला तिठा किंवा नाका म्हणा. तिथे 'लारेस' या रक्षणकर्त्या देवांचं छोटं देऊळ असायचं. हिवाळ्यात आळीतली सगळी घरं तिथे जमायची, प्रत्येक घरातून एक गोड पोळा यायचा. आदल्या रात्री लोकरीच्या बाहुल्या टांगायच्या. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसामागे एक बाहुली आणि प्रत्येक गुलामामागे एक लोकरीचा गोळा. देवांनी या बाहुल्या घ्याव्यात आणि जिवंत माणसांना सोडावं, ही श्रद्धा. गुलामांना बाहुलीसुद्धा नाही, नुसता गोळा! पण या पूजेत सेवा करायचा मान मात्र गुलामांनाच असायचा. सणाची तारीख ठरलेली नसे, प्रेटर नावाचा अधिकारी ती दरवर्षी जाहीर करी. पुढे ऑगस्टसने इ.स.पू. ७ मध्ये शहराचे १४ विभाग केले आणि आळ्यांच्या या पूजेला सरकारी चौकट दिली. प्लिनीने रोममधल्या अशा तिठ्यांचा आकडा २६५ दिला आहे.

आता कोकणात या. ज्यांचं गाव घाटावर आहे त्यांच्यासाठी थोडं विस्ताराने सांगतो. आमच्याकडे होळी म्हणजे एक दिवसाचा रंग नव्हे. ग्रामदेवतेची रुपी, म्हणजे चांदीचे मुखवटे, पालखीत बसतात आणि देवी देवळातून बाहेर पडते. काही गावांत त्रयोदशीला 'तेरसे शिमगे', काही गावांत पौर्णिमेचे 'भद्रेचे शिमगे'. होम पेटतो, बोंबा मारल्या जातात, ढोल-ताशांवर पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. पालखी सहाणेवर बसते, आणि मग घरोघर निघते. कुठे पाच दिवस, कुठे थेट पाडव्यापर्यंत. कुठल्या वाडीत कुठल्या दिवशी, ते मानकरी आणि गावकरी बसून ठरवतात. आमचा प्रेटर हाच! मानपानावरून भांडणंही होतात, काही गावांची तर कोर्टापर्यंत गेली आहेत. ते काही लपवण्यासारखं नाही.

पालखी अंगणात आली की घरची बाई ओटी भरते, नवस फेडले जातात. मग गाऱ्हाणं. एकजण देवीला घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन सांगतो, नोकरीसाठी मुंबईला गेलेल्यांना, परमुलखात असलेल्यांना सांभाळ म्हणतो, आणि सगळे 'होय महाराजा' म्हणतात. कॉम्पिटालियाच्या बाहुल्या वाचताना आम्हाला हेच आठवलं. वर्षातून एकदा गाव आपली माणसं मोजतो. फरक इतकाच की रोमन माणूस तिठ्यावर जायचा आणि आमची देवी उंबऱ्याशी येते.

आमच्या धंद्यात सर्व्हर ठराविक वेळाने प्रत्येक मशीनला पिंग करतो, 'आहेस ना?' म्हणून. पालखी म्हणजे तेच! आणि इथेच आमचं घोडं पेंड खातं. गावच्या घराला आजी गेल्यापासून कुलूप आहे. गेल्या वर्षी पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा आम्ही दोघंही ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. शेजारच्या काकांनी बंद दारासमोर आमच्या वतीने नारळ ठेवला आणि गाऱ्हाण्यात आमची नावं घातली. संध्याकाळी व्हिडिओ आला. कन्येने तो पाहून विचारलं, "आपल्या घरात कोणीच नाही, हे देवीला चाललं?" आम्हाला उत्तर सुचलं नाही.

इथे मरीनात होम पेटवणं शक्य नाही, बाल्कनीत उदबत्ती लावताना सुद्धा आम्ही अलार्मकडे बघतो! मित्रमंडळी जमून रंग खेळतो, पुरणपोळी होते, मजा येते. पण समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते चार वर्षांत आम्हाला नीट कळलेलं नाही, तिथे माणसं मोजणार कोण?

यंदा काकांना सांगून ठेवलंय, वाडीचा दिवस ठरला की लगेच फोन करा. मुंबईपर्यंत तीन तासांचं विमान, पुढे रात्रीची कोकण रेल्वे. दोघांच्या रजेचे अर्ज टाकले आहेत, एकाचा मंजूर झालाय. किल्ली काकांकडेच आहे, पण कुलूप गंजलंय म्हणतात, तेव्हा तेलाची बाटली सोबत न्यायची आहे.