भिंतीवरचा आठवडा

गेल्या डिसेंबरात सरकारी कामानिमित्त रायपूरला जावे लागले. रायपूरहून भिलाई आगगाडीने तासाभराच्या आतबाहेर. तेथे माझी धाकटी बहीण राहते. मेहुणे पोलाद कारखान्यात, जेथे रेल्वेचे रूळ तयार होतात त्या विभागात आहेत. आणि त्यांची एकुलती मुलगी, म्हणजे माझी भाची, दुर्ग विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. शनिवार-रविवार मोकळे मिळाले म्हणून मी तिकडे गेलो.

जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला होता. त्यावर आठवड्याचे सात रकाने आखून निरनिराळ्या रंगांच्या पेन्सिलींनी चौकोन भरले होते. निळे चौकोन वर्गांचे आणि प्रयोगशाळेचे. तांबडे 'पंथी'चे. आठवड्यातून दोनदा पिवळ्या चौकोनात 'कॉफी' एवढाच शब्द. आणि रविवारी सकाळी, हिरव्या अक्षरांत, 'चर्च'.

बहिणीने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतले. "दादा, तू जरा समजावून सांग तिला. परीक्षा तोंडावर आलीय आणि हिचं नाचणं, कॉफी आणि चर्च. आपल्या घरात कधी कोणी चर्चमध्ये गेलं होतं?"

आम्ही सरकारी माणसे. कागद समोर आला की प्रथम आकडे तपासावयाचे, अभिप्राय मागाहून. मी तेच केले. आणि त्या तपासणीत जे हाती लागले ते श्रोत्यांपुढे ठेवावे म्हणून हे भाषण.

आमच्या विद्यार्थिदशेत वार्षिक परीक्षा असे. पावसाळा आणि हिवाळा गप्पांत घालवावा आणि फेब्रुवारीत रात्री जागवाव्यात, हा सर्वमान्य क्रम होता. आजची श्रेयांक-पद्धती असे करू देत नाही. सत्रभर दर आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेत मात्र तेवढ्याच श्रेयांकासाठी दोन तास द्यावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, म्हणजे सहा सत्रांत प्रत्येकी २०. माझ्या भाचीचे या सत्रातील १४ श्रेयांक व्याख्यानांचे आणि ६ प्रयोगांचे; तेव्हा आठवड्याला २६ तास महाविद्यालयात गेले. तितकेच घरच्या अभ्यासाला धरले. झोपेचे ४९, स्कूटीवरून येण्याजाण्याचे ६, जेवणखाण, आंघोळ आणि आईला मदत यांचे २१. आठवड्याच्या १६८ तासांतून हे सगळे वजा केले तर ४० तास शिल्लक राहतात. पंथीचे ६, कॉफीचे ४ आणि चर्चचे २ मिळून अवघे १२. राहिलेल्या २८ तासांचा हिशेब भिंतीवर नव्हता. तो मोबाईलकडे असावा. आणि त्याबद्दल घरात कोणाचीच तक्रार नव्हती, कारण मोबाईल घरात बसून पाहता येतो.

मात्र हे गणित भिलाईत करीत आहोत हे विसरून चालणार नाही. या गावाचा आठवडाच मुळी वेगळा आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, दुर्गजवळच्या खेड्यांच्या जमिनीवर दहा लक्ष टन क्षमतेचा कारखाना उभा राहू लागला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी एकदा पेटविली की वर्षानुवर्षे पेटती ठेवावी लागते. ती थंडावली तर आतला माल गोठून भट्टीच निकामी होण्याची भीती. त्यामुळे दिवसाच्या तीन पाळ्या, आणि साप्ताहिक सुटी सर्वांना एकाच दिवशी देणे अशक्य. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही याची सोय होती: रविवारी काम घेतले तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुटी द्यावी लागे. माझ्या मेहुण्यांचा रविवार त्या आठवड्यात बुधवारी पडला होता.

आपल्याकडे रविवारची सुटी निसर्गतःच मिळाली असे पुष्कळांना वाटते. ती मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे भांडून मिळवून दिली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचे एक कारण सांगितले जाते. खंडोबाचा आणि ख्रिस्ताचा वार एकच पडला, आणि भट्टीला मात्र वारच नाही. ज्या घरात वडील रात्रपाळीहून येऊन झोपतात तेव्हा मुलगी महाविद्यालयाला निघते, त्या घरात एकमेकांचा आठवडा कळण्यासाठी तो भिंतीवर लावावाच लागतो. तो कागद भाचीने हौसेने लावला असेल, पण त्याची गरज भिलाईची आहे.

आता पंथीविषयी. या शब्दाने माझी बहीण जितकी बिचकली त्याहून अधिक मीच आधी बिचकलो होतो, कारण मला त्याची माहिती नव्हती. छत्तीसगडात एकोणिसाव्या शतकात गुरू घासीदास होऊन गेले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला त्यांनी सतनाम पंथाची दीक्षा दिली आणि माणूस तेवढा एक, असे शिकविले. १८ डिसेंबरला त्यांची जयंती असते. जैतखाम नावाचा उंच, पांढरा, वर पांढरे निशाण असलेला स्तंभ असतो, त्याच्याभोवती या पंथाचे लोक नाचतात. तोच पंथी नाच. मांदर आणि झांज यांची साथ. पुढारी एक ओळ म्हणतो, बाकीचे ती झेलतात. आरंभी चाल इतकी संथ की पाहणाऱ्याला हे भजनच वाटावे. मग मांदर लय वाढवीत नेतो, पायांतले घुंगरू मोजता येईनासे होतात, आणि अखेरीस नाचणारे एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे रचतात. देवदास बंजारे यांनी हा नाच देशोदेशी नेला. हबीब तन्वीर यांच्या 'चरणदास चोर' या नाटकात तो आहे. आणि पुढे जगभर गेलेल्या त्या नाटकाचा अगदी आरंभीचा प्रयोग सत्तरच्या दशकात भिलाईच्याच उघड्या मैदानावर, सतनामी प्रेक्षकांसमोर झाला होता.

पूर्वी हा पुरुषांचा नाच होता. आता महाविद्यालयांतून मुलींचीही पथके असतात. शनिवारी संध्याकाळी मी तालीम पाहावयास गेलो. बारा मुली. त्यांत एक तेलुगू, दोन बंगाली, एक ओडिया, आमची मराठी आणि बाकीच्या छत्तीसगडी. त्यांना शिकवणारी मुलगी सतनामी घरातली. मनोरा चढताना तिच्या खांद्यावर माझ्या भाचीचा पाय होता आणि भाचीच्या खांद्यावर तिसरीचा. एकदा मनोरा ढासळला. सर्वजणी मातीत पडल्या, हसल्या, कोपरे झाडून पुन्हा उभ्या राहिल्या. माझ्या आजीच्या काळी या दोन घरांत पाण्याचा पेलाही देता-घेता आला नसता. असल्या विषयावर आम्ही परिपत्रके काढतो, सप्ताह साजरे करतो. त्यांचे काय होते हे मला ठाऊक आहे. येथे खांद्यावर पाय ठेवण्यापूर्वी तो खांदा कोणाचा हे विचारावयास वेळच नव्हता, लय इतकी वाढलेली होती.

'कॉफी'कडे वळण्यापूर्वी एक शब्द समजून घेतला पाहिजे. आजची मुले ज्याला 'डेटिंग' म्हणतात त्याला आपल्या भाषेत नेमका शब्द नाही. इंग्रजीत 'डेट' म्हणजे मूळची तारीख. आमच्या कचेरीत तारीख म्हणजे कोर्टाची, तेव्हा तो शब्द ऐकून वडील माणसे दचकतात यात नवल नाही. ही चाल अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. त्यापूर्वी मुलगा मुलीच्या घरी भेटावयास येई आणि तिची आई शेजारच्या खोलीत असे. शहरे वाढली, घरे लहान झाली, सिनेमागृहे आणि उपाहारगृहे आली, आणि भेट घराबाहेर पडली. १९३७ मध्ये विलर्ड वॉलर या समाजशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनियातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या निरीक्षणावरून एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात त्याने दाखवून दिले की या भेटींत प्रेमापेक्षा प्रतिष्ठेचा भाग मोठा होता: कोण कोणाबरोबर दिसतो, कोणाजवळ मोटार आहे, कोणाला किती मागणी आहे.

भाचीच्या पिवळ्या चौकोनांत असे काही मला आढळले नाही. महाविद्यालय सुटल्यानंतर आणि तालमीला जाण्यापूर्वी दोन तास असतात. त्या वेळात ती आणि तिचा वर्गमित्र सिव्हिक सेंटरमध्ये कॉफी घेतात. मुलगा मल्याळी. त्याचे आजोबा कारखाना उभा राहत असताना केरळहून आले. बिल दोघे निम्मे निम्मे देतात, हे तिने मला न विचारताच सांगितले. "मामा, आम्ही लग्नाचं वगैरे काही ठरवलेलं नाही. आईला सांग."

आईने मात्र कायदा विचारून ठेवला होता. भाऊ अधिकारी असल्याचा एवढाच उपयोग. मी सांगितला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने कोणालाही धर्म न बदलता लग्न करता येते. मुलाला २१ आणि मुलीला १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत लागते, आणि हरकतीसाठी ३० दिवस जाऊ द्यावे लागतात. "म्हणजे कागद भिंतीवर लागतो," बहीण म्हणाली. तिने हे कोणत्या अर्थाने म्हटले ते मी विचारले नाही.

खरी भीती हिरव्या चौकोनाची होती, आणि ती निराधार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. भिलाईहून नागपूरच्या दिशेने निघाले की दुर्गनंतर थोड्याच वेळात राजनांदगाव लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळक एके काळी तेथे नोकरीला होते. तिकडे जातानाच आगगाडीत त्यांची एका युरोपीय मिशनऱ्याशी गाठ पडली आणि त्याने त्यांच्या हाती बायबल दिले. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर तेव्हा काय ओढवले, किती वर्षे दोघांची ताटातूट झाली आणि पुढे त्या आपल्या विचाराने त्यांच्याकडे कशा परतल्या, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांस सांगावयास नको. माझ्या बहिणीने ते पुस्तक शाळेच्या दिवसांत वाचले होते आणि त्यातले तिला एवढेच आठवत होते की घर फुटले.

मी पुस्तकाचा दुसरा भाग तिला आठवून दिला. टिळकांच्या मनात काय चालले आहे याची पुरती कल्पना घराला नव्हती. बातमी आली ती झाल्यावर. येथे मुलीने चर्चची वेळ आपल्या हाताने लिहून जेवणाच्या टेबलासमोर लावली आहे. तू 'नको' म्हणालीस तर ते दोन तास तिच्या आठवड्यातून जातील की फक्त कागदावरून जातील, एवढे तू ठरव. आमच्या खात्यात ज्या गोष्टी नोंदवहीत येत नाहीत त्यांचीच पुढे चौकशी लागते.

रविवारी मी भाचीबरोबर गेलो. मलंकर ऑर्थोडॉक्स पंथाचे हे चर्च. केरळातील हे ख्रिस्ती आपली परंपरा सेंट थॉमसपर्यंत नेतात. भिलाईतले सेंट थॉमस महाविद्यालयही याच पंथाच्या कलकत्ता धर्मप्रांताने १९८४ मध्ये काढले. चपला बाहेर काढाव्या लागल्या. आत पुरुष एका बाजूस, स्त्रिया दुसऱ्या बाजूस, डोक्यावर पदर. घुंगरांच्या धूपपात्रातून धूर निघत होता. उपासना मल्याळममध्ये, बरीचशी उभ्यानेच. माझे गुडघे दुखू लागले. सर्वजण प्रसादासाठी पुढे गेले तेव्हा भाची जागेवरच राहिली. तो ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्यांच्यासाठी असतो, आणि तिने तो मागितलाही नव्हता. मग तू येथे का येतेस, असे मी परतताना विचारले. ती म्हणाली, "तो गणपतीत आपल्याकडे आरतीला येऊन उभा राहतो. त्यालाही शब्द कळत नाहीत."

घरी आलो तो मेहुणे रात्रपाळी संपवून, थोडी झोप काढून उठले होते. गेल्या चार दिवसांत त्यांची आणि मुलीची अशी भेटच झाली नव्हती. चहाचा कप हातात घेऊन ते बराच वेळ त्या कागदापुढे उभे राहिले. परीक्षेच्या तारखा विचारल्या. त्या लिहिलेल्या नव्हत्या, त्याबद्दल मुलीला दोन शब्द ऐकावे लागले, आणि ते योग्यच होते. तिने त्या तेथल्या तेथे लिहून काढल्या. त्यासाठी एक पिवळा चौकोन खोडावा लागला.

मग त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि येत्या बुधवारच्या रकान्यात, तांबड्या चौकोनाच्या वर मोकळ्या राहिलेल्या जागेत लिहिले: 'बाबा घरी.'

बहिणीने अजून काही ठरवलेले नाही. मी निघालो तेव्हा ती मुलीला, अठरा तारखेला नाच किती वाजता आहे आणि मैदानात बसावयास खुर्च्या असतात का, हे विचारीत होती.