स्वादुपिंडातील द्रवाची गाठ : निदान कठीण का?

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे स्वादुपिंड असते. त्यात कधी कधी द्रवाने भरलेली गाठ होते. वरच्या पोटात दुखते, कळ पाठीत जाते, थोडे खाल्ले तरी पोट गच्च होते. भोर-वेल्ह्याच्या डोंगरी गावांत रोगी पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढतो.

सोनोग्राफीत आतड्यांतील वायूमुळे स्वादुपिंड पुष्कळदा नीट दिसत नाही. सीटी स्कॅन वा एमआरआयसाठी अनेकांना पुणे गाठावे लागते. गाठ दिसली तरी ती कोणती, हा प्रश्न उरतोच. दारूमुळे किंवा पित्ताशयातील खड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर झालेली गाठ पुष्कळदा आपोआप जिरते. त्रास राहिल्यास, तिची भिंत पक्की होण्यास साधारण ४ ते ६ आठवडे थांबून दुर्बिणीद्वारे द्रव जठरात सोडतात. चिकट द्रवाच्या काही गाठींत मात्र पुढे कर्करोग होऊ शकतो. तेथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. स्कॅनमध्ये दोन्ही सारख्या दिसू शकतात. अशा वेळी पूर्वीच्या आजाराची माहिती मोलाची ठरते.

म्हणून डॉक्टरांपासून दारू लपवू नये. विद्यार्थ्यांनी घरातील मोठ्यांचे जुने रिपोर्ट तारीखवार एका फाईलमध्ये लावून ठेवावेत. ताप, कावीळ किंवा रक्ताची उलटी झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.