उष्णता अडवा, हवा अडवू नका : मोटरहोममधल्या गॅसचा हिशोब



सिलिंडर अर्धा भरलेला आहे, तरी शेगडी पेटत नाही. असं होऊ शकतं का? हा प्रश्न वर्गात टाकून बघा. मुलं म्हणतील, रेग्युलेटर नीट बसला नसेल, नळी दुमडली असेल, बर्नरमध्ये कचरा अडकला असेल. सगळी उत्तरं बरोबरच आहेत. पण युरोपात मोटरहोममध्ये राहणाऱ्या लोकांना हिवाळ्यात हा प्रश्न पडतो, तेव्हा त्याचं उत्तर यातलं एकही नसतं. ते उत्तर पुढे येईलच.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला पलंग, छोटं स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, सगळं एका गाडीत. ब्रिटन, जर्मनी अशा देशांत काही कुटुंबं, निवृत्त जोडपी वर्षभर अशा गाडीत राहतात. हिवाळ्यात बाहेर शून्याच्या आसपास तापमान असतं आणि आत घर उबदार ठेवायचं असतं. बहुतेक गाड्यांत हे काम गॅसवर चालतं : स्वयंपाक, अंघोळीचं पाणी, खोली तापवणं आणि अनेक गाड्यांत फ्रिजसुद्धा! त्यामुळे गॅस संपला की घरातलं जवळजवळ सगळंच थांबतं.

हा विषय आपल्या कामाचा कसा? या एवढ्याशा घरात पदार्थाच्या अवस्था, उष्णतेचं वहन, ज्वलन, वजन-मापं आणि भागाकार हे सगळं एकत्र सापडतं. शिवाय यातला एक धडा आपल्या घरातल्या बाथरूमपर्यंत येऊन पोहोचतो.

१. सिलिंडरमध्ये नेमकं काय असतं?

आपण 'गॅस' म्हणतो, पण सिलिंडरमध्ये बहुतांश द्रव असतो. दाब देऊन वायूचा द्रव केलेला असतो. आपण बटण फिरवलं की वर साठलेली वाफ बाहेर पडते आणि खालचा द्रव उकळून नवी वाफ तयार करतो. म्हणजे शेगडी चालू असताना सिलिंडरच्या आत द्रव हळूहळू उकळत असतो!

या द्रवात मुख्यतः दोन पदार्थ असतात. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो. ब्यूटेन साधारण उणे अर्ध्या अंशाला, म्हणजे शून्याच्या जवळच उकळतो. आता बाहेर शून्य अंश तापमान आहे असं समजा. प्रोपेन मजेत उकळत राहतो. ब्यूटेन मात्र द्रवरूपातच पडून राहतो, त्याची वाफ जवळपास बाहेर येतच नाही.

इथे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असेल, तर थंडीत प्रोपेन लवकर लवकर उडून जातो आणि मागे ब्यूटेन साचत जातो. सिलिंडर उचलला तर जड लागतो, हलवला तर आत खळखळ ऐकू येते, पण शेगडी पेटत नाही.

म्हणून हिवाळ्यात मोटरहोमवाले प्रोपेनचाच सिलिंडर घेतात. ब्रिटनमध्ये कॅलर कंपनीचे ब्यूटेनचे सिलिंडर निळे आणि प्रोपेनचे लाल असतात, त्यामुळे ओळखणं सोपं जातं. देश बदलला की मात्र सिलिंडरच्या तोंडाची जोडणी बदलते आणि एका देशातला रिकामा सिलिंडर दुसऱ्या देशात बदलून मिळेलच असं नाही. लांबचा प्रवास करणाऱ्यांना याची आधीच सोय करावी लागते.

आपल्या घरच्या सिलिंडरमध्येही या दोन्हींचं मिश्रण असतं. महाराष्ट्रात एवढी थंडी पडत नाही, म्हणून आपलं काम अडत नाही. पण 'शेवटचा गॅस' काढायला सिलिंडर आडवा करणं किंवा गरम पाण्यात ठेवणं हे प्रकार आपल्याकडेही चालतात. ते धोक्याचे आहेत. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव बाहेर येऊ शकतो, आणि द्रवाचा वायू झाला की तो सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. हे मुलांना जरूर सांगा. मुलं घरी जाऊन सांगतातच!

२. गॅस वजनात मोजायचा

मोटरहोममध्ये गॅस जपून वापरायचा, तर पहिलं काम म्हणजे मोजणं. सिलिंडरवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं. आपल्या घरच्या सिलिंडरवरही वरच्या कड्याजवळ ते असतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा आणि त्यातून हे वजन वजा करायचं. उरला तो गॅस. तिसरीतल्या मुलालाही जमेल अशी वजाबाकी आहे.

जर्मनीत मोटरहोमसाठी ११ किलो गॅसचा सिलिंडर सर्रास वापरतात. गाडी तापवणारा एक नेहमीचा हीटर पूर्ण जोरात चालला तर तासाला सुमारे ३२० ग्रॅम गॅस खातो, निम्म्या जोरात चालला तर १६० ग्रॅम. आता भागाकार करू :

- ताशी ३२० ग्रॅम : ११,००० ÷ ३२० = सुमारे ३४ तास, म्हणजे दीड दिवससुद्धा नाही.
- ताशी १६० ग्रॅम : सुमारे ६९ तास, म्हणजे तीन दिवसांना थोडं कमी.
- हीटर थांबत थांबत चालून सरासरी ताशी ८० ग्रॅम : सुमारे १३७ तास, म्हणजे साडेपाच दिवसांपेक्षा थोडं जास्त.

आपल्या घरातला १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकाला महिनाभर किंवा जास्तही पुरतो. तिकडे ११ किलोचा सिलिंडर काही दिवसांत संपतो. स्वयंपाकाला गॅस कमीच लागतो, खरा खाणारा असतो तो हीटर.

अंघोळीचा हिशोबही करून बघू. १० लिटर पाणी १० अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापवायचं आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. १० × ३० × ४.२ = १,२६० किलोज्यूल. एक किलो गॅसमधून साधारण ४६,००० किलोज्यूल मिळतात. म्हणजे एवढ्या पाण्याला जेमतेम २७ ग्रॅम गॅस लागतो, वाया जाणारी उष्णता धरली तर थोडा जास्त. बादलीभर पाण्याची अंघोळ म्हणजे हीटरच्या दहा-पंधरा मिनिटांचा खर्च!

३. उष्णता जाते कुठून?

हीटर उष्णता निर्माण करतो, पण ती घरात थांबत नाही. भिंती, छप्पर, जमीन आणि काचा यांतून ती बाहेर जात राहते. जेवढी बाहेर जाते तेवढीच हीटरला पुन्हा भरावी लागते. छिद्र पडलेल्या माठात पाणी ओतत राहण्यासारखं हे आहे. माठ भरलेला ठेवायचा, तर आधी छिद्र बुजवायचं.

मोटरहोममधलं सगळ्यात मोठं 'छिद्र' म्हणजे ड्रायव्हरच्या भागातल्या काचा. मागच्या खोलीच्या खिडक्या सहसा दुहेरी असतात, मधे हवा अडकलेली असते आणि ती उष्णता लवकर जाऊ देत नाही. पुढची मोठी काच मात्र एकपदरी असते. म्हणून जाणते लोक रात्री त्या काचेवर जाड थरांचं आच्छादन घालतात, ड्रायव्हरच्या सीटमागे जाड पडदा ओढतात, जमिनीवर गालिचा टाकतात. आपली गोधडीही याच तत्त्वावर ऊब देते. तिच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते.

दुसरा उपाय फुकटचा आहे. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर ० अंश आणि आत २० अंश असतील तर फरक २०. आत १८ ठेवले तर फरक १८, म्हणजे खर्च सुमारे १० टक्के कमी. बाहेर १० अंश असतील, तर तेच दोन अंश कमी केल्याने खर्च २० टक्क्यांनी उतरतो, कारण आता फरक १० वरून ८ वर आला. एक स्वेटर अंगात घातला की हे सहज जमतं.

४. ताज्या हवेचा खर्च किती?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. गॅस वाचवायच्या नादात माणसाला वाटतं, 'ही हवा येण्या-जाण्याची छिद्रं बंद करून टाकू, थंड वारा तरी यायचा थांबेल.' हे कधीही करायचं नाही. का, ते आधी हिशोबाने बघू.

मोटरहोमच्या आत समजा १२ घनमीटर हवा आहे. एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो, म्हणजे एकूण साडेचौदा किलो हवा. एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण १ किलोज्यूल पुरतो. सगळी हवा ० पासून २० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९० किलोज्यूल लागतील. त्याला गॅस किती? फक्त ६ ग्रॅमच्या आसपास!

म्हणजे घरातली सगळी हवा एकदा बाहेर घालवून नवी आत घेतली, तरी सहा-सात ग्रॅम गॅस. आणि हीटर तासाला ८० ते १६० ग्रॅम जाळतोय. खरा खर्च भिंती-काचांमधून जाणाऱ्या उष्णतेचा आहे. ताजी हवा स्वस्त आहे.

आता ती बंद केली तर काय होतं ते बघा. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन खर्च होतो आणि १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. चांगला हीटर बाहेरची हवा घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. पण स्वयंपाकाची शेगडी आतलीच हवा वापरते. म्हणून खोली तापवायला शेगडी पेटवून ठेवणं हा तर मोठाच धोका. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. झोपेत असेल तर माणसाला तेवढंही कळत नाही.

जमिनीलगतच्या छिद्रांचं आणखी एक काम असतं. गॅस हवेपेक्षा जड आहे : प्रोपेन दीडपट, ब्यूटेन दुप्पट. गळती झालीच तर गॅस खाली साचतो आणि त्या छिद्रांतून बाहेर निघून जातो. त्यावर चटई टाकली की तो रस्ताच बंद.

पालकहो, इथे आपल्या घराकडे बघा. आपल्याकडेही हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. कारण तेच : छोटी बंद जागा, आत जळणारा गॅस आणि थंडी लागते म्हणून लावून घेतलेली खिडकी. गीझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तो आत असेल, तर बादली आधी भरून घ्या, गीझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मगच मुलांना अंघोळीला पाठवा.

५. गॅस की वीज?

मोटरहोम उभी करण्याच्या जागेला कॅम्पसाइट म्हणतात. तिथे बहुधा विजेची जोडणी मिळते. मग हीटर कशावर चालवायचा? दोन्हींना एकाच मापात आणलं की उत्तर सापडतं. एक किलो गॅस म्हणजे सुमारे १३ युनिट ऊर्जा. गॅसच्या किलोच्या भावाला १३ ने भागा. समजा गॅस किलोला ३ युरो आहे, तर एक युनिट २३ सेंटला पडलं. थोडी उष्णता धुराबरोबर जाते, म्हणून २५ धरा. विजेचं युनिट ५० सेंट असेल तर गॅस स्वस्त. वीज जागेच्या भाड्यातच धरलेली असेल तर वीज वापरावी.

पण जोडणी किती अँपिअरची आहे हे आधी विचारावं. ६ अँपिअर × २३० व्होल्ट = १,३८० वॅट. त्यावर १,८०० वॅटचा हीटर लावला की वीज खटकन जाणार!

६. वर्गात आणि घरी करून बघण्यासारखं

- घरचा सिलिंडर नवा लावला की तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. संपला की दिवस मोजा. १४,२०० ग्रॅमला तेवढ्या दिवसांनी भागा. रोजचा गॅस किती ते मुलांनाच काढू द्या.
- दोन सारख्या बाटल्यांत सारखंच कोमट पाणी भरा. एकीला गोधडीचा तुकडा गुंडाळा. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा.
- घरातली हवा येण्याची जागा कुठे आहे, तिच्यासमोर काही ठेवलंय का, हे मुलांनी पाहून यावं. सिलिंडर, रेग्युलेटर आणि गीझरला मात्र मुलांनी हात लावायचा नाही, हे आधी बजावून सांगा.

शेवटी फळ्यावर एकच ओळ लिहा, वहीतही उतरवून घ्या : उष्णता अडवा, हवा अडवू नका. आपल्या वर्गातल्या मुलांचा रोजचा गॅस किती ग्रॅम आला, ते जरूर कळवा.