अंतराळयानाचे नवे धनी

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

१९८४ सालच्या एप्रिल महिन्यात राकेश शर्मा अंतराळात गेले आणि त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, २०२५ सालच्या जून महिन्यात, शुभांशु शुक्ला गेले. दोघेही भारतीय वायुदलाचे वैमानिक, आणि दोघेही दुसऱ्याच्या यानात बसून गेले. परंतु हा ‘दुसरा’ कोण, या बाबतीत मात्र मधल्या काळात फार मोठा पालट झाला आहे. शर्मा ज्या सोयूझ यानातून सॅल्यूत-७ या स्थानकावर पोहोचले ते यान, त्याला वर नेणारा अग्निबाण, ते स्थानक आणि उड्डाणतळ ही सारी सोव्हिएट सरकारची मालमत्ता होती. शुक्ला ज्या ड्रॅगन यानातून गेले ते यान आणि त्याचा अग्निबाण स्पेसएक्स या खाजगी कंपनीच्या मालकीचे होते. सफरीची व्यवस्था ॲक्सिअम या दुसऱ्या खाजगी कंपनीने केली होती. या फेरीसाठी, प्रशिक्षणासह, आपल्या सरकारला सुमारे ५५० कोटी रुपये खर्च आला. म्हणजे एका सरकारने दुसऱ्या सरकारचा पाहुणचार घेतला, ही १९८४ ची गोष्ट. आणि एका सरकारने दुसऱ्या देशातील कंपनीकडून जागा विकत घेतली, ही २०२५ ची. हा पालट कसा घडला आणि त्यात माणसाच्या जिवाचे रक्षण कोणाच्या हाती राहिले, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्वी याने सरकार बनवीत असे आणि आता ती कंपन्या बनवितात, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेपुरते तरी हे खरे नाही. १९६१ साली ॲलन शेपर्ड ज्या मर्क्युरी यानात बसले ते मॅकडोनेल या कंपनीच्या कारखान्यात तयार झाले होते. १९६९ साली चंद्रावर उतरलेले यान ग्रमन कंपनीने बांधले होते. त्या मोहिमेच्या प्रचंड सॅटर्न अग्निबाणाचे तीन टप्पे बोइंग, नॉर्थ अमेरिकन आणि डग्लस अशा तीन कंपन्यांनी घडविले होते. आपल्याकडेही मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने इस्रोच्या अग्निबाणांचे महत्त्वाचे भाग तयार केलेले आहेतच. तेव्हा खाजगी हात अंतराळाला नवे नाहीत. नवी गोष्ट आहे ती मालकीची आणि व्यवहाराची.

हा फरक घरच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. घर बांधावयाचे झाले म्हणजे ते दोन तऱ्हांनी बांधता येते. एक, नकाशा आपला, सामान आपले, गवंड्याला रोजंदारी द्यावयाची आणि काम लांबले तर वाढीव खर्च आपण सोसावयाचा. दुसरी तऱ्हा म्हणजे उक्ते काम. रक्कम एकदा ठरली की ठरली. चूक झाली, भिंत पाडून पुन्हा बांधावी लागली, तर तो भुर्दंड कंत्राटदाराचा. नासा या अमेरिकेच्या सरकारी अंतराळसंस्थेचा पूर्वीचा व्यवहार मुख्यतः पहिल्या तऱ्हेचा होता. कंपनीला झालेला खर्च भरून द्यावयाचा आणि त्यावर नफा द्यावयाचा. त्या काळी ते योग्यही होते. कारण जे काम जगात कोणी केलेलेच नाही, त्याची किंमत आधी सांगणार कोण? मात्र या पद्धतीत खर्च कमी करण्याची कळकळ कोणालाच फारशी राहत नाही, हा तिचा दोष काळाच्या ओघात उघड झाला.

तो सर्वांत अधिक दिसला स्पेस शटलच्या बाबतीत. पुन्हा पुन्हा वापरता येणारे यान म्हणून १९८१ साली त्याचे पहिले उड्डाण झाले. ते स्वस्त पडेल आणि वारंवार जाईल अशी अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. तीस वर्षांत १३५ उड्डाणे झाली आणि दोन अपघातांत चौदा माणसे गेली. त्यांपैकी २००३ सालच्या कोलंबियाच्या अपघातात कर्नालची कन्या कल्पना चावला हिचाही अंत झाला. जुलै २०११ मध्ये शेवटचे शटल उतरले, आणि चंद्रावर माणूस पाठविणाऱ्या देशाजवळ आपला माणूस पृथ्वीभोवतीच्या कक्षेतही पाठविण्याचे साधन उरले नाही. पुढील जवळजवळ नऊ वर्षे अमेरिकेने रशियाच्या सोयूझ यानातील जागा विकत घेतल्या. त्यांतील अखेरच्या जागेला ९ कोटी डॉलरांहून अधिक किंमत पडली.

दरम्यान नासाने व्यवहाराची दुसरी तऱ्हा अंगीकारली होती. आरंभ माणसांपासून नव्हे, सामानापासून झाला. २००६ सालापासून नासाने स्थानकावर माल पोहोचविण्यासाठी कंपन्यांना उत्तेजन दिले. ठरलेला टप्पा गाठला की ठरलेली रक्कम मिळेल, बाकीचे भांडवल तुमचे, यानही तुमचे, असा तो करार होता. २००२ साली स्थापन झालेल्या स्पेसएक्स कंपनीचे पहिले तीन अग्निबाण कक्षेपर्यंत पोहोचलेच नव्हते. चौथा २००८ च्या सप्टेंबरात पोहोचला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिला माल वाहण्याचे मोठे कंत्राट मिळाले. खाजगी उद्योगाच्या यशाच्या गोष्टी सांगताना ही बाब पुष्कळदा विसरली जाते. धाडस कंपनीचे होते हे खरे. परंतु त्या धाडसाला पहिला भरवशाचा गिऱ्हाईक मिळाला तो सरकारच.

२०१२ साली माल पोहोचला. मग पाळी आली माणसांची. २०१४ च्या सप्टेंबरात नासाने दोन कंपन्या निवडल्या. बोइंगला ४ अब्ज २० कोटी डॉलरांपर्यंतचा आणि स्पेसएक्सला २ अब्ज ६० कोटी डॉलरांपर्यंतचा करार देण्यात आला. दोन्ही करार उक्त्या कामाचे होते. बोइंग ही जुनी, अनुभवी आणि प्रतिष्ठित कंपनी. तिचे यान आधी उडेल असाच अनेकांचा होरा होता. घडले उलटे. ३० मे २०२० रोजी ड्रॅगनमधून डग हर्ली आणि बॉब बेन्केन हे दोघे कक्षेत गेले. हर्ली हेच २०११ च्या शेवटच्या शटलचे वैमानिक होते, हा एक योगायोगच म्हणावयाचा. नासाच्या लेखापरीक्षकांनी २०१९ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे ड्रॅगनमधील एका जागेस सुमारे साडेपाच कोटी डॉलर पडत होते. बोइंगच्या स्टारलायनरमधील जागेस सुमारे ९ कोटी.

यान कंपनीचे असल्यामुळे उरलेल्या जागा आणि उरलेल्या फेऱ्या ती इतरांस विकू शकते. म्हणूनच २०२१ च्या सप्टेंबरात चार प्रवासी, ज्यांत एकही पेशाने अंतराळवीर नव्हता, पृथ्वीभोवती तीन दिवस फिरून आले. म्हणूनच २०२४ च्या सप्टेंबरात जॅरेड आयझॅकमन आणि सॅरा गिलिस या दोघांनी खाजगी मोहिमेत यानाबाहेर डोकावण्याचा पहिला प्रयोग केला. आणि म्हणूनच भारत, पोलंड व हंगेरी या देशांचे अंतराळवीर एकाच खाजगी फेरीतून स्थानकावर जाऊ शकले.

येथवर ही कथा व्यापाराच्या यशाची वाटेल. परंतु अंतराळप्रवासात किंमत हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, ‘आज उड्डाण करावयाचे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्याचे म्हणणे ऐकले जाते काय?

२७ जानेवारी १९८६ ची रात्र आठवावी. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर शटल उडावयाचे होते आणि फ्लॉरिडात कडाक्याची थंडी पडली होती. शटलचे घन इंधनाचे अग्निबाण मॉर्टन थायोकोल या खाजगी कंपनीने बनविलेले होते. त्यांच्या सांध्यांतील रबरी कडी थंडीत ताठरतात आणि सांधा नीट बंद होत नाही, हे जाणून त्या कंपनीच्या अभियंत्यांनी उड्डाण नको, असे दूरध्वनीवर कळविले. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. शेवटी कंपनीच्या वरिष्ठांनी आपल्याच अभियंत्यांचा सल्ला बाजूस ठेवून संमती दिली. सकाळी यान उडाले आणि ७३ सेकंदांनी सात माणसांसह नष्ट झाले. यान सरकारी होते, हुकूम सरकारी होता आणि इशारा खाजगी कंपनीच्या नोकरांनी दिला होता. तेव्हा सरकारी ते सुरक्षित आणि खाजगी ते नफेखोर, अशी सोपी वाटणी करता येत नाही.

आता २०२४ सालची घटना पाहू. ५ जून रोजी स्टारलायनर प्रथमच माणसे घेऊन निघाले. बुच विल्मोर आणि भारतीय वंशाच्या सुनीता विल्यम्स हे त्याचे प्रवासी. मुक्काम सुमारे आठ दिवसांचा होता. स्थानकाजवळ जाताना यानाची दिशा सांभाळणाऱ्या २८ छोट्या झोतयंत्रांपैकी ५ बंद पडली आणि हेलियम वायूची गळतीही आढळली. उन्हाळाभर जमिनीवर चाचण्या चालल्या. यान परतीस योग्य आहे, असा बोइंगचा विश्वास होता. परंतु नासाच्या तज्ज्ञांची खात्री पटेना, आणि २४ ऑगस्ट रोजी नासाने जाहीर केले की यान रिकामेच परत यावे. ७ सप्टेंबरला ते न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सुखरूप उतरले. दोघे अंतराळवीर मात्र २८६ दिवसांनी, १८ मार्च २०२५ रोजी, ड्रॅगनमधून परतले.

यान सुखरूप उतरले, म्हणजे नासाचा निर्णय चुकला, असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. निर्णय घेताना जी माहिती हाती असते तिच्यावरच तो तोलावयाचा असतो. येथे गिऱ्हाईकाजवळ विक्रेत्याला ‘नाही’ म्हणण्याइतके ज्ञान होते, तसे म्हणण्याचे धैर्य होते, आणि माणसे परत आणण्यास दुसरे यान होते. या तिहींपैकी एक जरी नसते, तरी त्या दोन जिवांची सोडत धरल्यासारखे झाले असते.

यांतील तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. स्टारलायनर मागे पडल्यामुळे अमेरिकेजवळ, रशियाशी होणारी जागांची अदलाबदल सोडली तर, स्थानकावर माणसे नेणारी एकच कंपनी उरली. ५ जून २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प आणि स्पेसएक्सचे प्रमुख इलॉन मस्क यांच्यात जाहीर खडाजंगी उडाली, तेव्हा ड्रॅगन याने सेवेतून काढण्यास आपण आरंभ करतो, असे मस्क यांनी रागाच्या भरात जाहीर केले. काही तासांतच त्यांनी ते शब्द मागे घेतले. परंतु तेवढ्या तासांत एक गोष्ट साऱ्या जगाला उमगली. गावात एकच टांगा असला, म्हणजे टांगेवाल्याचा रुसवा हा गावाचा प्रश्न होऊन बसतो.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगावयास हवी. १९६७ च्या अंतराळविषयक आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, खाजगी संस्थेने केलेल्या अंतराळातील कार्याचीही जबाबदारी त्या त्या देशाच्या सरकारवरच आहे. परवानगी देणे आणि देखरेख ठेवणे हे त्याचे कर्तव्य. म्हणजे यानाचा धनी बदलला तरी उत्तरदायी सरकारच राहिले. मात्र प्रवाशांच्या सुरक्षिततेविषयी अमेरिकेच्या कायद्यात एक मोठी फट आहे. हा धंदा बाल्यावस्थेत असल्याने त्याला सवलत हवी, या कारणास्तव खाजगी प्रवाशांच्या संरक्षणाचे नियम करण्यास २००४ पासून बंधन घातलेले आहे, आणि ती मुदत वाढत वाढत १ जानेवारी २०२८ पर्यंत गेली आहे. धोका समजावून सांगावयाचा आणि प्रवाशाची लेखी संमती घ्यावयाची, एवढ्यावर सारे भागते. नासाचे अंतराळवीर जातात तेव्हा नासाचे तज्ज्ञ यानाची कसून तपासणी करतात; धनिक हौशी प्रवाशाच्या पाठीशी असे कोण असणार?

आपल्या देशातही हे वारे आले आहे. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा ‘विक्रम-एस’ हा पहिला खाजगी भारतीय अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाला. माणूस नेणारे गगनयान मात्र इस्रोचे, म्हणजे सरकारचेच आहे. पुढे केव्हा तरी आपल्या कंपन्याही माणसे नेऊ म्हणतील. तेव्हा काय जपावयाचे याचा धडा शुभांशु शुक्लांच्या फेरीतच मिळालेला आहे.

ती फेरी ११ जून २०२५ रोजी निघावयाची होती. अग्निबाणाच्या चाचणीनंतर द्रवरूप ऑक्सिजनाची गळती आढळली. इस्रोचे पथक तेथे हजर होते. दोन्ही कंपन्यांच्या तज्ज्ञांशी त्याची चर्चा झाली, आणि गळती दुरुस्त करून पुन्हा चाचणी घेतल्याखेरीज उड्डाण करावयाचे नाही, असे ठरले. दोन आठवडे गेले. २५ जूनला शुक्ला निघाले, दुसऱ्या दिवशी स्थानकावर पोहोचले आणि १५ जुलैला सुखरूप परतले. त्या वेळी भारत केवळ तिकीट काढून बसलेला उतारू नव्हता. अग्निबाण स्वतः बनविण्याचा अनेक दशकांचा अनुभव त्याच्या गाठीशी होता, म्हणूनच गळतीचा अर्थ त्याला समजत होता. यान कोणाचेही असो, ते पारखण्याची विद्या सरकारने आपल्या घरून जाऊ देता कामा नये. जागा विकत मिळते. आज जाऊ नये, हे कळण्याची अक्कल मात्र विकत मिळत नाही.