पांढरीतल्या रांजणाचं वय

पुष्कळ गावांच्या कडेला एक टेकाड असते. त्याला पांढर म्हणतात. डोंगराची टेकडी निराळी आणि ही निराळी. मातीची घरं पडायची, त्यावरच नवी बांधायची, असं शेकडो वर्षं चाललं आणि टेकाड उंच होत गेलं.

संभाजीनगरहून अहिल्यानगरला जाताना नेवासा फाटा लागतो. आत प्रवरा नदीकाठी नेवासा गाव आहे. तिथल्या अशाच टेकडीचे नाव लाडमोड. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया यांनी तिथे खोदकाम केले. वरच्या थरात सातवाहन राजांची नाणी निघाली. त्याच्याही लई खाली घरांच्या जमिनीत मातीचे रांजण निघाले. दोन दोन रांजण, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. आत लहान मुलांची हाडं! त्या काळी लहान मूल वारलं की आईबाप त्याला घरातच पुरत. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिच्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस होता. हे ऐकून मला कसंतरीच झालं.

पण हे कधीचं, ते कसं कळलं? त्या लोकांना लिहिता येत नव्हतं. मग भांडी बघायची. लाल भांडी, वर काळ्या रेघा, काहींना तोटी. अशी भांडी आधी संगमनेरजवळच्या जोर्वे गावी सापडली, म्हणून त्यांना जोर्वे भांडी म्हणतात. ती साधारण ३४०० ते २७०० वर्षांपूर्वीची. हा आकडा जळक्या कोळशावरून काढतात. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेतं. तोडलं की घेणं बंद. मग त्यातला एक प्रकारचा कार्बन ठरलेल्या वेगाने कमी होतो. किती उरला ते मोजतात.

घरातल्या भांड्यांचे तुकडे घुशी वरखाली करतात. पुरलेली भांडी मात्र एकाच दिवशी एकत्र ठेवलेली असतात. म्हणून ती जास्त खरं सांगतात.

यात एक गंमत आहे. नुसती खोली बघून चालत नाही. आज्जीच्या वाड्यात धान्याचे पेव आहे. ते दोन पुरुष खोल आहे, म्हणून ते खालच्या मातीइतकं जुनं होतं का? खड्डा कोणत्या जमिनीवरून खणला ते बघावं लागतं. खड्ड्याच्या कडेला मातीचा रंग बदलतो, त्यावरून ते कळतं.

लोक पांढरीची माती शेतात टाकायला नेतात. गाडीत माती भरली की सगळे थर एक होतात. मग त्यात तांब्याची माळ निघाली तरी ती कोणत्या घरातली, कोणासोबतची, हे कोणालाच सांगता येत नाही.