टिपऱ्यांच्या घरी, पुन्हा एकदा!

संध्याकाळची विरार लोकल बोरिवलीच्या पुढे आली, की डब्यात एक मौज दिसते. घामाघूम झालेला एखादा गृहस्थ कशीबशी चौथी सीट मिळवतो, खिशातून मोबाईल काढतो आणि पाहतो काय? वीस वर्षांपूर्वीचे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’!

२००१ साली अल्फा मराठीवर सुरू झालेली ही मालिका दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून आली. दिग्दर्शक केदार शिंदे. आबा झाले स्वतः प्रभावळकर. तेव्हा त्यांची साठीही उलटली नव्हती! राजन भिसे झाले शेखर, शुभांगी गोखले झाल्या श्यामला. शिवाय शिऱ्या आणि शलाका ही नातवंडे.

गोष्ट म्हणाल, तर फारशी नाहीच. सारी गंमत बोलण्यात. एकाचे वाक्य दुसरा तोडतो, तिसरा त्याचा भलताच अर्थ लावतो. पहिल्या वेळी आपल्याच हसण्यात निम्मे शब्द बुडतात. ते दुसऱ्या वेळी सापडतात. दहाव्या वेळी लक्ष जाते ते सारे ऐकून घेणाऱ्या आणि रोजनिशीत टिपून ठेवणाऱ्या आबांकडे.

वसई-विरारकरांना याची गोडी का, हे सांगायला पंडित नको. गिरगाव-परळच्या चाळींतली कितीतरी कुटुंबे जागेपायी इकडे आली. ब्लॉक मिळाला आणि दार बंद झाले. आजोबा आतल्या खोलीत, नातू शिकवणीला, बाप गाडीत! तीन पिढ्या एकदम बोलताहेत, असे घर मग मोबाईलमध्येच भेटते.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाला बसताना तो मोबाईल जरा बाजूला ठेवा, आणि आपल्या आबांना आपले वाक्य मध्येच तोडू द्या!